वीतभर अंतर

बाथरूममध्ये घसरलो, असं चेंडूनं सांगितलं आणि मी तेव्हाच ओळखलं की माझा नवरा खोटं बोलतोय. हा माणूस सव्वीस वर्षं पिक्चरमध्ये पडण्याचंच काम करतो. गॅलरीतून पडलाय, चालत्या ट्रकवरून पडलाय, आणि जिन्यावरून तर इतक्यांदा गडगडलाय की सगळं युनिट त्याला चेंडू म्हणतं. लग्नानंतर आठवड्याभरात मीही म्हणायला लागले. असा माणूस साबणावर घसरून कानावर पडेल? बाथरूममध्ये पडणाऱ्याचं कोपर फुटतं. ह्याच्या डाव्या कानात कापूस होता आणि कोपर शाबूत होतं.

संशय आला की मी आधी गप्प बसते.

साहेबांच्या पिक्चरचं शूटिंग तेव्हा नुकतंच संपलं होतं. साहेब म्हणजे हिरो. वय त्रेसष्ट, पोस्टरवर पन्नास. गेली सहा वर्षं त्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. सांधेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत काय ते दिसायचे. मग एका तरुण दिग्दर्शकानं त्यांना ह्या पिक्चरमध्ये घेतलं. गाणी नाहीत, हिरोईन नाही, दोन तास नुसती हाणामारी. बर्फाच्या कारखान्यात साहेब एक्केचाळीस माणसं मारतात. खरं तर माणसं आठच होती. तोंडाला काळं फडकं बांधून तीच तीच पुन्हा मरायला यायची. चेंडू सहा वेळा मेला.

ट्रेलर आला आणि लोक वेडे झाले. म्हाताऱ्यात अजून दम आहे, असं जो तो घरचं कार्य असल्यासारखा सांगत सुटला. सासूबाईंनी एका सकाळी नऊ वेळा बघितला. "मार मेल्याला," त्या फोनला सांगत होत्या, "अजून एक ठेवून दे." फडक्यामागचा तो मेला त्यांच्याच पोटचा होता. तो शेजारी बसून चहा पीत होता आणि चक्क खूश दिसत होता. त्याचं ते खुशीचं तोंड बघून माझं डोकं फिरलं.

आता माझ्या कामाचं सांगते. पडद्यावर पाऊल वाजतं, दार करकरतं, हाड मोडतं, ते सगळं मी स्टुडिओत बसून वाजवते. हाड म्हणजे कोबीचा गड्डा पिळायचा. ठोसा म्हणजे वाळूच्या पोत्याला चामड्याचं जाकीट गुंडाळून वर दणका द्यायचा. कारण शूटिंगच्या वेळी ठोशाला आवाज नसतोच. मारामारीच्या धंद्यातला पहिला नियम वीतभराचा आहे: मूठ आणि गाल ह्यांच्यात एक वीत राहिलीच पाहिजे. कॅमेरा ती वीत लपवतो, मार खाणारा मान झटकतो, उरलेलं काम माझं. सेटवर जो काही आवाज टिपलेला असतो, पंख्यांची घरघर, दिग्दर्शकाची बोंबाबोंब, तो फक्त अंदाजासाठी माझ्याकडे येतो आणि नंतर फेकून देतात. माझ्याशिवाय तो कुणी ऐकत नाही.

बर्फाच्या कारखान्याचा सीन लावला आणि सवयीनं तो सेटवरचा आवाज वाढवला. पंख्यांच्या घरघरीखाली कुणीतरी कुजबुजत होतं. "डावीकडे, साहेब. अजून. हां, आता." आणि मग ठप्प. ओला, आखूड आवाज. एकोणीस वर्षांत मला कुठल्याही पोत्यातून असा आवाज काढता आलेला नाही.

कुजबुजणारा गळा मला पाठ होता. त्याच्याशेजारी मी रोज झोपते.

मग मी चित्र सावकाश पुढे मागे करून बघत बसले. साहेबांची नजर चेंडूवर नव्हतीच, त्याच्या बाजूला कुठेतरी होती. आणि ठोसा निघाला की चेंडू मागे व्हायच्या ऐवजी अर्धी वीत पुढे सरकत होता. एकदा नाही, चार वेळा.

घरी येऊन मी त्याची बॅग उपसली. गुडघ्याच्या पॅडमध्ये डॉक्टरांचा कागद दडवलेला होता. डाव्या कानाचा पडदा फाटलाय, शिवता येईल, पण पुन्हा मार बसला तर तो कान कायमचा गेला. कागदावर तारीख होती. शूटिंगच्या शेवटच्या दिवसाची.

"साहेबांना दिसत नाही ना?" चेंडू आल्या आल्या मी विचारलं.

"चष्मा लागतो थोडा."

"चेंडू."

त्यानं माझ्या हातातला कागद बघितला आणि खाली बसला. "डावा डोळा गेलाय त्यांचा. उजव्यानं दिसतं, पण अंतर कळत नाही. ठोसा हातभर लांबून जायचा. पोरं तोंड फिरवून हसायची. म्हणून मी जरा पुढे झालो, तर बसला. आणि सेटवर टाळ्या पडल्या गं."

"म्हणजे टाळ्यांसाठी कान दिलास?"

"दिग्दर्शक म्हणाला, साहेबांना सूर सापडला, आता असंच करा. त्याला काय माहीत खरा लागतोय ते."

"आणि साहेबांना?"

"त्यांना वाटतं मी वेळेवर मागे होतो. जाड हातमोजे होते ना."

मला हे अजिबात पटलं नाही. मारणाऱ्या हाताला कळत नाही, असं कधी होतं का? पण चेंडूचा साहेबांवर जीव. त्याला पहिलं काम त्यांनी दिलं होतं.

"दुसऱ्या भागाचं काय?" मी विचारलं. त्याची बोलणी चाललीत, हे माझ्या कानावर आलंच होतं.

"साहेबांनी मलाच मागितलंय." हे सांगताना त्याची छाती फुगली. "बाकीचे सगळे वीत सोडून उभे राहतात. मी नाही म्हटलं तर त्यांचं संपलंच की. आता कुठे लोक परत ओळखायला लागलेत."

"कान जाईल तुझा."

"दुसरा आहे ना," तो म्हणाला आणि हसला. मला रडू आलं, पण ते मी त्याला दिसू दिलं नाही. समजावून हा ऐकणार नव्हता. ज्यांच्यासाठी हा चाललाय त्यांनाच ऐकवायचं, असं मी ठरवलं. एकदा कानावर पडलं की ते स्वतःच ह्याला हात जोडून घरी बसवतील, इतका विश्वास मी माणसांवर क्वचितच टाकते.

मारामारीचे आवाज ऐकायला दिग्दर्शक आणि साहेब आले, त्या दुपारी मी चेंडूलाही बोलावून घेतलं. कोचावर मध्ये त्याला बसवलं. त्याच्या डाव्या हाताला दिग्दर्शक, उजव्या हाताला मी. साहेब पलीकडच्या खुर्चीत, काळा चष्मा लावून. मी सीन सुरू केला. इतर ठोसे माझ्या पोत्याचे होते, पण त्या चार जागी मी सेटवरचा आवाज तसाच ठेवला होता, आणि कुजबुज चांगली वाढवली होती.

"डावीकडे, साहेब. अजून. हां, आता." ठप्प.

चेंडूनं माझं मनगट घट्ट धरलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी साहेबांकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही, कोण बोलतंय म्हणून विचारलं नाही. फक्त उजवी मूठ डाव्या हातात घेतली आणि बोटांची हाडं हळूहळू चोळत राहिले. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

सीन संपला. दिग्दर्शक पडद्यावरची नजर न काढता अगदी हलक्या आवाजात बोलला. "वहिनी, ते कुजबुजणं तेवढं काढून टाका. ठोसा अस्साच ठेवा. दुसऱ्या भागात असे वीस हवेत मला. तारखा तुमच्याकडेच देतो, ह्यांना घरी तुम्हीच सांगा."

साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

चेंडूला दिग्दर्शकाचे ओठ हललेले कळले, पण उशिरा. तो माझ्याकडे वळला. "काय म्हणाला तो?"

मी त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं. "दुसऱ्या भागात तू नाहीस म्हणाला. तुझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय."

त्याचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. "साहेबांना माहीत आहे?"

"त्यांनीच सांगितलंय."

त्यानं साहेबांकडे बघितलं. ते अजून बोटं चोळत होते, तोंड भिंतीकडे. चेंडूला तेवढं पुरलं. मान खाली घालून त्यानं शेजारची बॅग उचलली. मी काही सांगावं आणि त्यानं ते खरं मानावं, असंच चालत आलंय. आमच्या घरात संशय घेणारी मी एकटीच आहे.