टाकीतली पुरचुंडी

"मामाजी, हे काय आहे जी?"

मी टाकीतून एक ओली पुरचुंडी वर काढली होती. बाजेवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती शेजाऱ्यांची असावी. पण कापड त्यांच्याच जुन्या धोतराचं होतं.

"माती आहे," ते म्हणाले.

आता बोला. दवनीवाड्यात माझ्या अंगणातला पालक ओळखला जातो तोच मुळी बिनमातीचा म्हणून. गाईचं शेण पाण्यात कालवायचं, गाळून टाकीत भरायचं, पंपानं त्यात हवा सोडायची आणि ते पाणी पाइपांतल्या मुळांखालून फिरवायचं. अख्खं गाव हसलं. हसले नाहीत ते फक्त मामाजी. गुडघे गेल्यापासून त्यांनी शेती कवडूला ठेक्यानं दिली होती आणि ते दिवसभर बाजेवर बसून स्वतःवरच चिडायचे. शेण कालवायचं काम मिळालं आणि हा माणूस पहाटे उठून बादली शोधू लागला.

पण पालक पिवळा पडला. लोकेंद्र, माझा नवरा, म्हणाला, "गोंदियातून खताची पाकिटं आन अन् गाय इकून टाक." त्याचं चुकत नव्हतं. पण मग मामाजींनी सकाळी उठून करायचं काय? आज जाते, उद्या जाते, करत मी मुद्दामच तीन आठवडे काढले. तेवढ्यात पालक हिरवागार झाला. मला वाटलं, माझाच हातगुण.

"कवा टाकली हे?"

"तू पाना-पानाले पाहून रडून राहिली होती, तवा."

"बिनमातीच्या शेतीत माती कायले टाकाची जी?"

"मातीबिगर झाड मले पाहवत नोहोतं. मूठभरच टाकली."

ही शेती ज्यांच्या प्रशिक्षणात शिकले, त्या नूतन मॅडमना मी तणतणत फोन लावला. त्या म्हणाल्या, "मातीतले सूक्ष्मजीव शेण पचवून झाडाला देतात. सुरुवातीला थोडी माती टाकायचीच असते. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेले होते.

"कोनती माती आहे?" मी फोन ठेवून विचारलं.

"आपल्या बांधीतली."

आमची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, घरापासून दीड मैल. न्हाणीपर्यंत जायला भिंत धरणारा माणूस तिथवर एकटा चालत जाऊन आला होता, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

दुसरी टाकी भरायची होतीच. सकाळी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून शेतावर नेलं. धान गुडघ्याएवढं झालं होतं. पलीकडे निंदण करणारा कवडू त्यांना पाहून उठून उभा राहिला. मामाजी काठी टेकत धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच थांबले. खाली चिखलात उतरणं आता त्यांच्यानं होणार नव्हतं, म्हणून मी उतरले.

"तिथं नोको. तिथं पानी साचते," ते काठीनं दाखवू लागले. "थोडी अलीकडं. हां, तिथची घे."

मी मूठ वर नेली. त्यांनी माती नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"अजून घेऊ का, मामाजी?"

त्यांनी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एकदा बांधीवर नजर फिरवली.

"बस झाली," ते म्हणाले. "धानालेबी लागते."