पेल्यातलं थरथरतं पाणी

मित्रांनो, माझ्यात वाकून पाहिलंत तर तुमचा चेहरा लांबट आणि परका दिसेल. घाबरू नका. मी एक जुना स्टीलचा पेला आहे; लातूरच्या एका रुग्णालयात, मनोविकारांच्या वॉर्डात माझं आयुष्य गेलं.

दुकानात अंगावर नाव कोरून घेताना वाटलं होतं, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून जाईन. पण नशिबी आलं गोळ्यांसोबतचं पाणी. मनिषा सिस्टर मला हाती देऊन म्हणायच्या, "गिळलीस? आ कर. जीभ वर घे बरं." गालात गोळी लपवणारे काही कमी नव्हते. कुणी मला कानाला लावून आतलं बोलणं ऐके. कुणी माझ्यातल्या पाण्याला नावानं हाक मारी. सिस्टर कुणालाच हसत नसत. "पेला लख्ख असला की पाण्याचा संशय येत नाही," म्हणत मला घासून घेत.

आषाढात औशाची शिवकांता भरती झाली. झोप उडालेली, बोलणं थांबेना. घरी लहान लेक. डॉक्टरांनी मन थाऱ्यावर आणणाऱ्या लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. हळूहळू ती निवळली. "आता लेकीला बघीन," म्हणायची. सासू उमादेवी एसटीनं रोज डबा आणायच्या.

श्रावण सरत आला आणि शिवकांताच्या हातात माझ्यातलं पाणी हलू लागलं. आधी बारीक, मग लाटांसारखं. पंखा बंद, तरी. एका दुपारी माझी कड तिच्या दातांवर टणटण वाजली. ती बोलली, पण आवाज तिचा नव्हता, जड, घरंगळणारा. उठली तर झोकांडी गेली.

"आता गं माय! देव आलाय अंगात!" उमादेवींनी तिच्या कपाळी कुंकू लावलं. शेजारच्या खाटांवरच्या बायांनी हात जोडले. सगळा वॉर्ड तिच्याकडे टक लावून होता.

बिलोलीची लुंबिनी तेव्हा नर्सिंग शिकत होती. पुढची गोळी तिच्या तळव्यावर होती. तिचेही हात जुळायला आले, पण मध्येच थांबले.

"आजी, डब्यात काय देता हिला?"

"अळणी वरण अन् भाकर. श्रावणभर मीठ न्हाई खाणार म्हणून महादेवाला बोलले हिच्या नावानं. तू काय देवाला आडवायलीस का?"

"सिस्टर, लवकर या! गोळी थांबवलीय मी!"

मनिषा सिस्टर धावल्या. डॉक्टर आले, रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं. मीठ तुटलं की शरीर लिथियम धरून ठेवतं, आणि तेच औषध विष होतं. हात बारीक कापणं निराळं, ते या गोळीनं पुष्कळदा होतं. मोठी थरथर, जड जीभ, झोकांड्या, उलट्या दिसल्या तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच कळवायचं.

मी खाटेशेजारी भरलेलाच राहिलो. शिवकांताची शुद्ध हरपली होती; मला उचलणारा हात नव्हता. पाणी अगदी स्थिर होतं, आणि मित्रांनो, त्या स्थिर पाण्याचीच मला जास्त भीती वाटली.

शिवकांता वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा लेकीचं नाव घेतलं. उमादेवींनी वरण चाखून घास तिच्या तोंडी दिला. "नवस माझा होता, माय. अळणी मीच खाईन. तू मीठ खा."

आता वॉर्डात कागदी पेले आहेत. मी कपाटात पडून असतो, त्याचं काही नाही. पण उद्या तुम्ही परिचारिका व्हाल. थरथरत्या हाताला नमस्कार करावासा वाटला तर खुशाल करा. आधी तो हातात घेऊन बघा.