डब्याखालचा खेकडा

गोरखच्या घराला बाहेरून पाच दिवे होते. अंगणात दोन, गोठ्यावर एक, मोटरीच्या खोलीवर एक आणि उसाच्या बांधावर लोखंडी खांबाला एक, सगळ्यांत मोठा. पेठजवळच्या त्या वस्तीवर दिवस मावळला की पाचही लागत आणि उजाडल्यावरच विझत. फेब्रुवारीत लाईट गेलेली असताना त्याच्या धाकट्या लेकीला, आरोहीला, वाघानं अंगणातून उचललं. बिबट्याला तिकडं वाघच म्हणतात. त्यानंतर गोरखनं दिवे बसवले, वर इन्व्हर्टरही घेतला.

आरोहीनं मंचरच्या नर्सरीतून आणलेला निवडुंग पडवीच्या खिडकीत होता. काटे नाहीत, नुसत्या चपट्या कांड्या, खेकड्याच्या पायांसारख्या एकीला एक जोडलेल्या. म्हणून तिनं त्याचं नाव खेकडा ठेवलं होतं. मागच्या डिसेंबरात तो गुलाबी फुलांनी लगडला होता. आता तिची आई मंगल कुणी बस म्हटलं तरच जेवायला बसायची, पण खिडकीशी रोज उभी राहायची आणि थोरलीला एकच विचारायची, "प्राची, कळी दिसते का गं?" दुसरं काही तिला हवंसं वाटतच नव्हतं.

प्राची वनस्पतिशास्त्र शिकलेली. पाऊस सरल्यावर लांब, सलग अंधाऱ्या रात्री मिळाल्या तरच हे झाड कळ्या धरतं आणि मध्ये उजेड पडला की नुसतं वाढत राहतं, हे तिला ठाऊक होतं.

"अण्णा, खिडकीसमोरचा तेवढा एक दिवा बंद ठेवू?"

गोरखनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "पुन्ना ते बोलू नको."

झाड आतल्या खोलीत न्यावं, तर आई खिडकीतून हलवू देईना. शेवटी प्राचीनं तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याचं तोंड कापलं आणि रोज संध्याकाळी तो झाडावर पालथा घालू लागली.

शेजारची बायडाबाई ताक मागायला आली, ती बघतच राहिली. "काय गं पोरी, खुडूक कोंबडी बसवली का काय डब्याखाली?"

"हो मावशी. अंडी मोजून ठेवलीत, हात लावाल तर कळेल."

मंगलच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. प्राचीला तेवढ्यानंही बरं वाटलं.

दसरा गेला, दिवाळी झाली. कांड्यांच्या टोकांना कळीऐवजी कोवळी कांडीच फुटत होती. प्राचीनं भिंग लावून पाहिलं. अंधार मिळालेल्या झाडाचं हे लक्षण नव्हतं. मग एका सकाळी तिचं लक्ष गेलं. डब्यावरचं शेंगांचं चित्र तिनं भिंतीकडं केलं होतं. आता ते अंगणाकडं होतं.

"आई, डबा कोण काढतं?"

मंगल तांदूळ निवडत होती. "मीच. तुमी निजल्यावर काढते, पहाटं ठिवते."

"अगं, उजेडात फुलं यायची नाहीत त्याला. सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं व्हतंस." मंगलनं एक खडा बाजूला टाकला. "तिचं झाड हाय. काळोखात न्हाई ठिववत मला."

"मग फुलं?"

"येतील की. मागल्या साली आली व्हती."

मागल्या साली अंगणात रात्रभर जळणारा एकही दिवा नव्हता. जिभेवर आलेलं हे वाक्य प्राचीनं गिळलं. त्या संध्याकाळी तिनं डबा माळ्यावर टाकला.

डिसेंबर सरत आला तरी मंगल खिडकीशी उभी राहून विचारतच होती. शेवटी एका रविवारी प्राचीनं तिच्यादेखत एकेक टोक बोटात धरून मोजलं. नव्या कांड्या एकतीस. कळ्या शून्य.