पिन न लागलेला कागद

मित्रांनो, मी स्टेपलर आहे, आता बराच जुना. तुमच्या दप्तरात बसेल असा छोटा नव्हे, चांगला हातभर लांबीचा, लोखंडी बुडाचा. जाडजूड गठ्ठा माझ्या तोंडात द्यायचा आणि वरून दोन्ही हातांनी दाबायचं. खटक. झालं काम. माझं सगळं आयुष्य या एका आवाजात गेलं. त्यामुळे मला फारसं काही वाटत नाही. आता जे सांगणार आहे, तेही आहे तसंच सांगतो.

एका पत्र्याच्या शेडमध्ये मला घडवलं. पत्रा कापला, वाकवला, स्प्रिंग बसवली, वर काळा रंग मारला. रंग वाळायच्या आत खोक्यात भरलं, म्हणून पोटाखाली एक ठसा राहिलाय कुणाच्या तरी बोटाचा. पुढे शहराच्या कारभाराच्या इमारतीत, अभ्यास विभागात, माझी रवानगी झाली. खिडकीला धुळकट पडदे, कपाटांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर आणखी गठ्ठे. शहरात काय बिघडलंय ते शोधायचं आणि समितीला लिहून कळवायचं, हे या विभागाचं काम. समितीत सगळी तुमच्या-आमच्यासारखी माणसं. एक बेकरीवाल्या बाई अध्यक्ष, एक निवृत्त ड्रायव्हर, एक चष्म्याचे दुकानदार, असेच आणखी काही. नियम करायचे ते यांनी.

विभागाचे साहेब भले गृहस्थ, पण त्यांची एक सवय होती. अहवाल समोर आला की ते तो उघडत नसत. तळहातावर ठेवून, भाजी जोखावी तसा जोखत. जड लागला तर म्हणत, "वजन आहे." हलका लागला तर मुकाट्याने परत. मग लिहिणारा आणखी पानं घालून आणी. मला विकत आणलं तेच त्यासाठी. साध्या स्टेपलरच्या पिना त्यांच्या अहवालांतून आरपार जात नव्हत्या. माझ्या गेल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, हा खरा कामाचा. तेवढंच काय ते माझं कौतुक.

या विभागात एक ताई होती. आकड्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला आकडेताई म्हणत. एकदा तिच्याकडे गिझरचं काम आलं. गॅसचा गिझर छोट्या बंद बाथरूममध्ये चालू राहिला की त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेलं माणूस गुंगी येऊन पडतं आणि हाक मारायचंही त्याला सुचत नाही. दर थंडीत शहरात अशी माणसं दगावत होती. गिझर बाथरूमच्या बाहेरच बसवायचा आणि झरोका उघडा ठेवायचा, एवढा नियम थंडीच्या आत झाला असता तर ती वाचली असती. ताईला हे पक्कं माहीत होतं. तिने जीव ओतून काम केलं आणि भलामोठा अहवाल लिहिला. त्याचं नाव मला पाठ आहे, कारण प्रत्येक प्रतीवर ते माझ्या तोंडासमोरून गेलं. 'नागरी निवासस्थानांतील वायुइंधनाधारित जलतापक उपकरणांच्या निष्कासन-व्यवस्थेचे पुनरावलोकन.'

साहेबांनी तो जोखला आणि म्हणाले, "वजन आहे."

समितीसाठी प्रती लावायच्या होत्या आणि नेमकी सुट्टी आली. ताईने छापलेली पानं पिशव्यांत भरली, मलाही उचललं आणि मावशीकडे नेलं. मावशी शिवणकाम करायची. कपडे बेतायचं तिचं टेबल एवढं मोठं, की त्यावर सगळी पानं नीट पसरली. ताईची आई लवकर गेली, तेव्हा मावशीनेच तिला वाढवलं होतं. शाळेचा गणवेश शिवण्यापासून कॉलेजची फी भरण्यापर्यंत सगळं याच टेबलावर झालं, असं मावशी पानं लावता लावता सांगत होती. ताई "हं, हं" करत होती.

पिना मावशीने मारल्या. शिलाई मशीन चालवून तयार झालेला हात तो, एकही पिन वाकडी गेली नाही. मधेच थांबून तिने चष्मा लावला आणि पहिलं पान वाचायला घेतलं. बराच वेळ ती त्या एका पानावर होती. पानावर आभार होते आणि अभ्यासाची पद्धत होती. मग तिने ते अलगद खाली ठेवलं आणि भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला. "फार मोठं काम केलंस गं. मला कुठलं कळायला."

अभिमानानेच म्हणाली ती, हे तुम्हाला सांगायला हवं.

थोडी पानं शाई फासून वाया गेली होती. मावशी काही वाया घालवणारी नव्हती. तिने ती एकावर एक ठेवून दुमडली, मला जवळ ओढलं आणि उशीला टीप घालावी तशा चारही कडांनी पिना मारल्या. छान जाड गादी तयार झाली. ती घेऊन मावशी समोरच्या बाथरूममध्ये गेली, स्टुलावर चढली आणि झरोक्यात ती गादी बसवून आली. आंघोळीच्या वेळी पाठीवर गार वारा येतो, आता येणार नाही, असं तिने ताईला सांगितलं. बाथरूममध्ये गिझर होता, गॅसचा.

ताई पानांचे क्रमांक तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बरं केलंस मावशी."

प्रती समितीकडे गेल्या. मी मात्र मावशीच्या टेबलावरच राहिलो. पुढचं मला ताईच्या बोलण्यातून कळलं. बैठकीत सगळ्यांनी अहवाल चाळला, मान डोलावली आणि विषय सखोल असल्याने पुढे बघू असं ठरवलं. कुणी विरोध केला नाही. काय करायचंय तेच कुणाला उमगलं नव्हतं, आणि विचारायची चोरी. ताई चिडली. लोकांना वाचायलाच नको, असं ती मावशीला म्हणाली. मावशीने तिची बाजू घेतली.

मग थंडी पडली. एका सकाळी मावशी आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि सुरूच राहिला. मी टेबलावर होतो, समोर बंद दार. दाराखालून पाणी बाहेर आलं, टेबलाच्या पायापर्यंत आलं. मी स्टेपलर. मला कुणी दाबलं तरच माझा आवाज होतो.

ताई सहज म्हणून आली होती. तिने हाका मारल्या, दार ठोठावलं, मग शेजारच्या सुतारकाकांना बोलावून आणलं. काकांनी दार तोडलं. मावशी जिवंत होती. जिवंत राहिली. पण दवाखान्यातून परत आली ती मावशी वेगळी होती. हात थरथरायचे, सुईत दोरा जाईना. बोलता बोलता शब्द हरवायचा आणि ती खिडकीकडे बघत बसायची. शिलाई मशीनवर चादर टाकली गेली.

मावशी दवाखान्यात असतानाच ताईने ती गादी झरोक्यातून ओढून काढली होती. वाफेने कागद फुगला होता, माझ्या पिनांना गंज धरायला लागला होता. ताई ओल्या फरशीवर बसली आणि तिने वरचं पान वाचलं. मोठ्याने वाचलं, म्हणून मला कळलं. "वायुवीजन-रंध्रांचा अवरोध हा घटक लक्षणीयरीत्या जोखीमवर्धक असल्याचे आढळले." तिचंच वाक्य. पान तेविसावं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. तिने तेच वाक्य पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा, जणू ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं आणि तिला काही केल्या त्याचा अर्थ लागत नव्हता.

त्यानंतर ती रोज कामावरून मावशीकडे यायची, जेवण करायची, मावशीला भरवायची आणि टेबलाशी बसून लिहायची. तोंडावर काही दिसायचं नाही. लिहिलेलं मावशीला वाचून दाखवायची. मावशी थांबवायची, "हे काय असतं?" ताई तो शब्द काढायची. कधी मावशीचं लक्ष मध्येच उडायचं. तेव्हा ताई तिला दोष द्यायची नाही, ते अख्खं वाक्यच खोडायची. आभार गेले. पद्धत गेली. ज्याला पुरावा हवा त्याच्यासाठी मोठा अहवाल आहेच, अशी एक ओळ खाली राहिली. आकडे काढताना मात्र तिचा हात अडला. एवढी वर्षं त्यांच्यावरच तर तिचं नाव झालं होतं. ते गेले तर हिला काही येत नाही असं म्हणतील, ही भीती तिने मावशीला बोलून दाखवली. मावशीला ते बहुधा कळलंही नाही. शेवटी ताईने आकड्यांच्या जागी लिहिलं, 'एका बसमध्ये बसतात तेवढी माणसं या शहरात दर थंडीत अशी जातात.'

राहता राहिला एक कागद. वर ठळक अक्षरांत, 'गॅसचा गिझर बाथरूमच्या बाहेरच बसवायचा, असा नियम पुढच्या थंडीच्या आत करा.' त्याखाली, झरोका का बुजवू नये. त्याखाली, कुणी काय करायचं. एक साधं चित्र. बस.

मावशीने तो स्वतःच्या हातात घेतला. थरथरत्या हातांनी, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला. मग बाथरूमकडे बघितलं.

"म्हणजे झरोका बुजवायचा नव्हता."

"नाही मावशी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं होतं," ताई म्हणाली. "तेविसाव्या पानावर."

मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पूर्वी फिरवला होता तसाच. तेव्हा ताई रडली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घातलं आणि ऑफिसात आणलं. कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी सवयीने तो तळहातावर घेतला. जोखण्यासारखं काही नव्हतंच, पंख्याच्या वाऱ्याने तो उडायला लागला. परत करायला म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि जाता जाता त्यांची नजर वरच्या ओळीवर पडली. मग ते उभ्या उभ्याच वाचत राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, आपल्या बाथरूमचा झरोका उघडा आहे का, जरा बघ. नाही, आत्ताच बघ."

मित्रांनो, तो भलामोठा अहवाल मंजूर करताना साहेबांनी त्याखाली सही केली होती. तेव्हा असा फोन केला नव्हता.

समितीतही घोडं अडलं नाही. बेकरीवाल्या अध्यक्षबाईंनी कागद वाचला, शेजारच्या ड्रायव्हरकाकांकडे दिला आणि आपल्याकडचा गिझर कुठे आहे यावर सगळे आपसांत बोलू लागले. चहा यायच्या आत नियम झाला. पुढची थंडी पडली तेव्हा तो लागू होता.

त्या कागदाला पिन लागली नाही. एका कागदाला कशाला लागेल? पुढे ताईचं बघून बाकीचेही तसंच लिहू लागले आणि माझं काम संपत आलं. आता मी ताईच्या टेबलाच्या खालच्या खणात असतो. स्प्रिंग ताठरली आहे. माझ्या शेजारी ती कागदी गादी आहे, चारही कडांनी माझ्या गंजलेल्या पिना असलेली. ताईने ती टाकून दिलेली नाही. नवं काही लिहायला घेतलं की ती आधी खण उघडते, एकदा त्या गादीकडे बघते आणि खण लावून घेते.

मित्रांनो, तुम्हीही उद्या शिकून शहाणे व्हाल, लोकांच्या भल्याचं काही शोधून काढाल आणि लिहायला बसाल. तेव्हा एवढं करा. तुमच्या घरात तुमच्यावर माया करणारं, पण तुमच्या विषयातलं ओ की ठो न कळणारं एक माणूस असेल. त्याला पहिलं पान वाचायला द्या. त्याने डोक्यावरून हात फिरवून "फार मोठं काम केलंस" म्हटलं, तर कागद फाडा आणि पुन्हा लिहा. ते उठून झरोका उघडायला गेलं, तर समजा जमलं.

मला तेल घालू नका. मी गंजलो तरी चालेल.