रुक्मिणीचा रंग

ओल्या स्पंजचा गार स्पर्श कपाळाच्या मध्यापासून कानशिलाकडे सरकत जातो आणि त्यामागोमाग खोबरेल, पावडर आणि विड्याच्या पानाचा मिसळलेला दरवळ येतो. कार्तिकातल्या कोवळ्या थंडीत तोंड धुताना आजही कधी कधी मला हा भास होतो आणि रंजनामावशी आठवतात. अकोल्याच्या जुन्या शहरातून सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन रिक्षानं अमरावतीला येणाऱ्या मावशी. आमच्या नृत्यवर्गाच्या प्रत्येक कार्यक्रमाची रंगभूषा त्याच करायच्या.

नाट्यगृहाच्या खोलीत आल्या आल्या त्या आरशाभोवतीचे दिवे मालवत आणि खुर्ची खिडकीपाशी ओढत. दुपारचा उतरता उजेड मुलीच्या गालावर नीट पडला, की तिचं मनगट उलटं करून आतली त्वचा न्याहाळत; नाडी पाहणाऱ्या वैद्यासारख्या. मग स्वतःच्या तळहातावर पिवडी, तांबडा आणि तपकिरी रंग पाण्याच्या थेंबासह कालवत राहत, मनगटाचा रंग तळहातावर उतरेपर्यंत. वीस मुली असल्या तर वीस वेळा. तोच रंग जिचा तिला परत मिळे, फक्त झोपेतून जागा झाल्यासारखा दिसे. मावशींच्या लेखी रंगभूषा म्हणजे एवढंच. आमच्याकडच्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये एका फिकट डबीतून सगळ्यांची तोंडं पांढरी करायची आणि हात, मान तशीच ठेवायची रीत होती. त्या रीतीविषयी विचारलं, की त्या पानाची शीर खुडत नुसत्या नाक मुरडायच्या.

त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. उमेदीच्या काळात त्यांनीही मूर्तिजापुरातल्या एका शाळेत वीस मुली एकाच डबीतून रंगवल्या होत्या. एका मुलीचा बाप कापूस वेचणीचं काम सोडून, धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत येऊन बसला होता. नाच संपेपर्यंत तो शेजाऱ्याला विचारत होता, ‘यातली माही कोणती?’ मावशी पडद्याआडून ऐकत होत्या. “बापानं पोरगी ओयखली नाई,” मला सांगताना त्या स्वतःच्या बोटांकडे पाहत होत्या, “अन् गुन्हा माह्या हातचा.”

मी सतरा वर्षांची होते तेव्हा आमच्या वर्गानं रुक्मिणीस्वयंवर बसवलं. मी काळी. सावळी वगैरे नाही, चांगली काळी. सात वर्षं मागच्या रांगेत सखी, दासी, हरिणी होऊन नाचल्यावर, माझ्याइतकी लय कुणाचीच पक्की नाही हे नाइलाजानं मान्य करून नाच शिकवणाऱ्या मॅडमनी मला रुक्मिणी दिली होती. प्रयोग चार वाजता होता. तीनच्या सुमारास त्या खोलीत आल्या आणि फिकट रंगाची नवीकोरी डबी मावशींच्या पेटीवर ठेवत म्हणाल्या, “हिला जरा उजळ करा. नायिका आहे ती, शोभली पाहिजे. नाहीतर नेहाला उभी करते.”

नेहा गोरी होती. तिला रुक्मिणीच्या सगळ्या हालचाली पाठ होत्या.

मावशींनी डबी उघडलीसुद्धा नाही. “रुक्मिणी कौंडण्यपूरची न वो बाई?” त्या शांतपणे म्हणाल्या. “मंग वर्धेकाठच्या उन्हात ते पांढरी काहून राहीन? मी नाई लावत.”

मॅडम ‘पाच मिनिटांत ठरवा’ म्हणून निघून गेल्या. आणि मी, आज लिहितानाही लाज वाटते, मावशींचा पदर धरून म्हणाले, “लावून द्या न मावशी. सात वर्षं वाट पायली मी.”

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी डबी माझ्या एका हातात ठेवली, स्पंज दुसऱ्या हातात. “तुले पायजे असंन तर तूच लाव, माय. तोंड तुहं हाय. माह्या हातानं नाई होत.”

मी स्पंज बुडवला, गालाशी नेला. खिडकीतल्या उन्हात तो पांढरा ओला गोळा माझ्या काळ्या बोटांत होता आणि मला एकाएकी भयंकर राग आला. मॅडमचा आला, नेहाचा उगाचच आला, सर्वांत जास्त माझा आला. या चेहऱ्यानं सात वर्षं घाम गाळला होता आणि ऐन वेळी त्यालाच मी झाकून ठेवणार होते. मी डबी बंद केली. मॅडमच्या खोलीपर्यंत चालत गेले आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, “मी अशीच नाचीन. नाहीतर नेहाला सांगा.”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. “जा,” म्हणाल्या.

मी नाचले. कृष्णाला पत्र लिहिताना हनुवटीखाली बोटं गेली, तेव्हा बोटंही माझी होती आणि हनुवटीही माझीच. समोरच्या अंधारातून टाळ्या आल्या त्या नेहमीइतक्याच. मात्र त्यानंतर वर्गानं मावशींना कधी बोलावलं नाही आणि मला पुन्हा नायिका मिळाली नाही. याचं दुःख होतं का, असं लोक विचारतात. नव्हतं. राग होता, अजून आहे, आणि तो शमावा असं मला वाटतही नाही. मावशी त्यानंतरही अकोल्याच्या वस्त्यांमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांत, नवरात्रात, लग्नाच्या संगीतात मुली रंगवत राहिल्या, मनगटं उलटी करकरून.

त्यांना जाऊन आता तीन पावसाळे झाले. शेकडो चेहरे त्यांनी उजेडात आणले, पण स्वतः कुठल्याच फोटोत सापडत नाहीत. जे काही उरलंय ते आमच्या आठवणीत. काळ मोठा सराईत रंगारी आहे, गेलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाला तो हळूहळू एकच फिकट हात देत जातो, आणि काही वर्षांनी सगळी माणसं सारखीच सौम्य, सारखीच गोरी, सारखीच गोड दिसू लागतात. मावशींच्या चेहऱ्याला मी त्याला हात लावू देत नाही: त्या तिरसट होत्या, हट्टी होत्या, आणि माझ्यापेक्षाही काळ्या होत्या.