मंत्र्यांच्या बंगल्याच्या काचा

१९७३ साली परिचारिकांनी संप केला, आणि त्यांच्या मोर्चाने मंत्र्यांच्या बंगल्याच्या काचा फोडल्याची बातमी मोर्चा निघायच्या आधीच छापून झाली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बाहेरगावची आवृत्ती दुपारीच गाडीत चढायची, म्हणून संध्याकाळच्या सभा, सत्कार, मोर्चे सकाळीच उरकून ठेवायची रीत होती. त्यातून पेपरच्या मालकांना सत्ताधारी पक्षाचं निवडणुकीचं तिकीट हवं होतं. काचा फुटणं भागच होतं.

मोर्चा शहाण्यासारखा गेला, निवेदन देऊन परतला. पोलिसांनी तोच अंक पुढे करून त्याच्या पुढारणीला उचललं. कचेरीत सगळे जिला धाकटी म्हणत, त्या उपसंपादक मुलीची ती आई.

धाकटी तडक संपादकांच्या खोलीत शिरली. "आईला सोडवा. काचा तुम्ही फोडल्यात."

"अगं, छापून आलंय, खोटं कसं असेल?" संपादक चष्मा पुसत म्हणाले. "फोटोग्राफर गेलाय ना पुरावा आणायला."

फोटोग्राफर हात हलवत आला. "साहेब, बंगल्याची डागडुजी चाललीय. खिडक्यांना काचाच नाहीत, नुसतं गोणपाट!"

संपादकांनी छताकडे पाहिलं. मग पेपरवेट उचलला आणि आपल्याच खिडकीवर भिरकावला. "घे फोटो. बाहेरून घे."

फोटो झकास आला. फक्त फुटक्या काचेआडून, भिंतीवरच्या तसबिरीतले मालक मिशांसकट बघत होते.

"धाकटे, मालकांना काप आणि पहिल्या पानावर लाव. नोकरी हवीय ना?" असं म्हणून संपादक मालकांकडेच जेवायला गेले.

धाकटीने पेन्सिलीने चौकट आखली. मालक अख्खे आत.

"अगं, तुला हाकलतील!" फोटोग्राफर कुजबुजला.

"तुम्हाला नाही ना? मग चहा मागवा."

सकाळी गावभर हशा पिकला. मंत्र्यांनी स्वतः फोन केला, "तुमचे मालक माझ्या बंगल्यात राहायला कधी आले हो?" दुपारी आई घरी आली आणि आधी झोपली.

पुढे ती मेट्रन होऊन निवृत्त झाली. मालकांचं तिकीट गेलं. त्यांनी पक्ष बदलला आणि ते मंत्री झाले. संपादकांना निर्भीड पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला. फोटोग्राफर लग्नांचे फोटो काढू लागला. तिथे निदान नवरा-नवरी खरे असतात, म्हणायचा. धाकटीला फोटो छापून आला त्याच संध्याकाळी नारळ मिळाला. विरोधकांच्या पेपरने तिला हौसेने घेतलं. पहिल्याच सकाळी तिच्यासमोर संध्याकाळच्या लाठीमाराची बातमी आली, जखमींच्या आकड्यासकट. तिने पर्स उचलली आणि नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी करायला आईच्या इस्पितळात गेली.