खंडेनवमीचा फ्लास्क

चाकणला पाइन म्हणजे मशीनच्या पेट्या ठोकायचं लाकूड. पाइनचं उभं झाड दीपमालानंही कधी पाहिलं नव्हतं, पण तीन वर्षं ती त्याच झाडासाठी जिवाचं रान करत होती. दूर देशी केसाहून बारीक सूत्रकृमी खोडात शिरतात आणि डोंगरच्या डोंगर वाळवून टाकतात. त्यांना मारणारं औषध तिला जिवाणूंकडून काढून घ्यायचं होतं.

जयदीपच्या छोट्या प्रयोगशाळेत ती त्या कृमींचे निरुपद्रवी भाऊबंद पाळायची आणि जिवाणू वाढवून त्यांचा गाळलेला रस कृमींवर टाकायची. कृमी गपगार पडायचे. स्वच्छ पाण्यात टाकले की मेले पुन्हा वळवळायला लागायचे! नुसती गुंगी यायची. या कामाला पैसे पुरवणारी परदेशी कंपनी आता कंटाळली होती. दसऱ्यानंतरचा निकाल शेवटचा, तो फसला की काम बंद.

दसरा उरकून ती आली, तर फ्लास्क हलवत ठेवणारं शेकर बंद. त्यावर झेंडूचा हार, हळदकुंकू.

"कुणी बंद केलं हे?"

जयदीपचे वडील दादासाहेब पुढं आले. "आमी केलं. खंडेनवमीला यंत्राला इसावा द्यायचा असतोय, पोरी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवाणूंना हवा मिळावी म्हणून तर फ्लास्क हलवायचा! पण वडीलधाऱ्या माणसाला बोलणार काय? ती फ्लास्क ओतायला निघाली आणि थबकली. वर जाड साय धरली होती, खालचा रस हिरवट पिवळा झाला होता. असा रंग तिनं आजवर पाहिला नव्हता. फसायचंच आहे तर बघून फसू, म्हणत तिनं तो गाळला.

संध्याकाळपर्यंत कृमी सुयांसारखे ताठ झाले. जयदीप लगेच कंपनीला फोन लावायला निघाला.

"थांबा हो. पाण्यात टाकते. उद्या बघू."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तुलनेसाठी ठेवलेल्या जुन्या रसातले कृमी मजेत वळवळत होते. नव्यातला एकही हलेना. तिनं सुईनं डिवचलं, तरी ढिम्म. मेले होते, खरोखर मेले होते!

आता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हलत्या फ्लास्कात जिवाणूंची चैन चालली होती. शेकर थांबलं, हवा तुटली, जिवावर बेतलं, तेव्हा कुठं त्यांनी खरं विष काढलं असणार. तिनं लगेच नवे फ्लास्क भरले आणि मुद्दाम स्थिर ठेवले. त्यांचाही रस तसाच हिरवट निघाला, आणि त्यातले कृमीही पाण्यात उठले नाहीत. जयदीपनं निकाल पाठवला. कंपनीचं उत्तर आलं: काम पुढं चालू ठेवा.

दीपमाला खुर्चीत बसून हमसाहमशी रडायला लागली. शेकर बंद करून आपण घोळ घातला म्हणून इतके दिवस तिच्या नजरेला नजर न देणारे दादासाहेब दारात येऊन उभे राहिले.

"मेलं न्हवं समदं?"

"मेले, दादा."

"मंग रडतीस कशापायी?"

ती उठली आणि म्हाताऱ्याच्या पाया पडली.